बोट उचलत नाही म्हणून इंजिन बदलण्याआधी पंखा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटनाचा हंगाम सुरू झाल्यापासून आपल्या पत्रसदरात मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या जलक्रीडेच्या बोटींविषयी जी पत्रे येत आहेत, त्यांतील बहुतेकांचा रोख इंजिनांवर आहे. प्रवासी बसले की बोट नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर करून रखडत राहते, इंजिन कानठळ्या बसवते, वेग मात्र येत नाही. त्याअर्थी बोटमालकांनी पैसे वाचवण्यासाठी जुनी किंवा कमी ताकदीची इंजिने लावली असणार, असा निष्कर्ष पत्रलेखकांनी काढला आहे. मी याच किनाऱ्यावर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेल्या, इंजिनांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि या वाचकांनी जे पाहिले ते अचूक आहे, हे मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. खरोखर ताकद कमी पडत असेल तर इंजिनचे फेरे वाढतच नाहीत, ते दबल्यासारखे चालते. ज्या इंजिनचे फेरे भराभर चढतात आणि तरीही बोट जागची हलत नाही, त्याची ताकद निर्माण होते आहे, ती पंख्यातून, म्हणजे बोटीला ढकलणाऱ्या प्रोपेलरमधून, पाण्यापर्यंत पोहोचत नाही. अशा बोटीला काही लाख रुपयांचे मोठे इंजिन लावले, तर तोच दोष अधिक अश्वशक्तीने आणि अधिक पेट्रोल जाळून चालू राहतो.

हा प्रश्न केवळ बोटमालकाच्या खिशाचा असता, तर वृत्तपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. वेगवान बोट थांबलेल्या अवस्थेतून निघते तेव्हा ती आधी पाणी बाजूला सारत चालते. पाण्यालगत वीस फूट लांबी असलेल्या बोटीची ही मजल साधारण सहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरपर्यंत असते. त्यापुढे तिला स्वतःच निर्माण केलेल्या लाटेवर चढावे लागते आणि बारा ते पंधरा नॉटांच्या आसपास ती पाण्यावर उचलली जाऊन सपाट धावू लागते. यालाच आम्ही प्लेनिंगवर येणे म्हणतो. मधल्या चढणीत नाळ आकाशाकडे असते आणि सुकाणूवर बसलेल्या चालकाला समोरचे पाणी दिसत नाही. चांगली जुळलेली बोट हा टप्पा काही सेकंदांत पार करते, पण पंखा पाणी सोडत असेल, म्हणजे पात्यांची पाण्यावरची पकड सुटत असेल, तर बोट त्याच अवस्थेत लांबवर जाते आणि तेवढा वेळ चालक जवळजवळ आंधळेपणाने बोट हाकत असतो. कर्ली खाडीच्या मुखाशी, जिथे एका बाजूला वाळूचा उथळ पट्टा, दुसऱ्या बाजूला फुटणाऱ्या लाटा आणि मध्ये होड्यांची ये-जा असते, तिथे या अवस्थेत रेंगाळणे धोक्याचे आहे. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहितो आहे.

प्रथम स्लिप, म्हणजे पंख्याच्या हिशेबी वेगात प्रत्यक्ष पडणारी तूट, मोजता येते, हे सांगायला हवे, कारण आमच्या व्यवसायात ती बहुधा कानाने आणि अंदाजाने ठरवली जाते. प्रत्येक पंख्यावर ‘१३ १/४ × १७’ अशा प्रकारचे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की तो आपल्या आट्यांच्या अंतराइतका पुढे सरकतो. पंखा पाण्याऐवजी अशा घट्ट पदार्थात फिरला असता, तर एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना पिचने गुणून गिअरच्या प्रमाणाने (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे जितके फेरे होतात त्या आकड्याने) भागले आणि उत्तराला ०.००१५२४ ने गुणले, की कागदावरचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. समजा, ११५ अश्वशक्तीच्या इंजिनचे गिअर प्रमाण २.१५ आहे, पंखा १७ पिचचा आहे आणि फेरे ५५०० आहेत. तर कागदावरचा वेग सुमारे ६६ किलोमीटर येतो. मोबाइलच्या जीपीएसवर बोटीचा प्रत्यक्ष वेग ५७ दिसला, तर स्लिप १४ टक्के झाली. सपाट धावणाऱ्या हलक्या बोटीला दहा ते पंधरा टक्के स्लिप असणे ही निरोगी अवस्था आहे, अवजड बोटीला ती वीसच्या घरात जाते. शून्य स्लिप कधीच असत नाही, कारण पात्यांनी पाणी मागे ढकलले नाही तर बोट पुढे जाणारच नाही. हिशेबात स्लिप शून्याच्या खाली आली, तर फेरे दाखवणारा काटा खोटा आहे किंवा पिचचा वा गिअरचा आकडा चुकीचा धरला आहे, असे खुशाल समजावे.

ही मोजणी करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते आणि जीपीएस पाण्यावरचा नव्हे, जमिनीवरचा वेग सांगतो. दोन नॉटांच्या ओढीत वरील बोट ओढीच्या दिशेने ६०.७ आणि विरुद्ध दिशेने ५३.३ किलोमीटर दाखवील. एकदा स्लिप आठ टक्के निघेल आणि दुसऱ्यांदा वीस. पहिल्या आकड्यावर पंखा उत्तम ठरेल, दुसऱ्यावर तोच भंगारात जाईल. म्हणून एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी आणि शक्यतो भरती-ओहोटीच्या संधिकाळी, पाणी स्थिर असताना चाचणी घ्यावी.

निघताना होणारी स्लिप आणि धावताना होणारी स्लिप एकाच मापाने तोलू नये, हेही लक्षात घ्यावे लागेल. वरच्याच इंजिनचे फेरे ४००० आणि बोटीचा वेग ताशी पंधरा किलोमीटर असेल, तर हिशेबाने स्लिप सत्तर टक्क्यांच्या जवळ जाते, आणि तरीही त्यात बिघाड असतोच असे नाही, कारण चढणीवर पंख्याला जवळजवळ उभ्या असलेल्या बोटीला ढकलायचे असते. खूण वेगळी आहे. वेग वाढत असताना फेरेही त्याच्या जोडीने वाढत गेले, तर पंख्याने पाणी धरले आहे. वेग तिथेच असताना फेरे एकाएकी हजार-दीड हजारांनी उडाले, आवाज पातळ झाला आणि मागच्या पाण्यात पांढरा फेस माजला, तर पंखा हवा खातो आहे. आणि फेस नाही, उडीही नाही, फक्त रेस दिली की फेरे वाढतात आणि बोट मंदच राहते, असे असेल तर संशय पंख्याच्या आतल्या रबरी बुशिंगवर घ्यावा.

बुशिंगपासूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन, कारण ती तपासणी जवळपास फुकट होते. आउटबोर्डच्या पंख्याचे बाहेरचे नळकांडे आणि दांड्यावर बसणारी आतली बाही यांच्यामध्ये दाबून बसवलेले रबर असते. पंखा खडकावर आपटला तर गिअरला धक्का बसू नये, यासाठी ही सोय असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, खाऱ्या पाण्याने आणि वाळूत बसलेल्या हिसक्यांनी हे रबर सुटते, आणि मग हळू चालताना पंखा व्यवस्थित फिरतो, जोर लावला की आतली बाही फिरते आणि पाती मागे राहतात. पंखा काढून आतल्या बाहीपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी, बोट भारासह एकदा जोराने पळवावी आणि पुन्हा पाहावे. रेघ तुटून दोन जागी झाली असेल, तर दोष सापडला. या बिघाडापायी कार्ब्युरेटर उघडून साफ केलेले, प्लग बदललेले आणि अखेर विकायला काढलेले इंजिन मी पाहिले आहे. पंखा काढलाच आहे, तर दांड्यावर गुंडाळलेला जाळ्याचा दोर किंवा गळाची तंगूसही त्याच वेळी काढून टाकावी. ती आत सरकत गेली की सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते.

बुशिंग शाबूत असेल, तर प्रश्न हवेचा आहे, आणि हवा पंख्यापर्यंत येण्याचे मार्ग अनेक असल्यामुळे इथे घाई करून चालत नाही. हवा पृष्ठभागावरून खाली ओढली जाते किंवा इंजिनचाच धूर मागे फिरून पात्यांवर येतो. पात्यांच्या पुढच्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे जवळपास कुठेही वायू असला की तो तिकडे धाव घेतो, आणि एकदा पात्यांभोवती तो कोंडला की रेस वाढवल्याने तो बाहेर पडत नाही, उलट तिथेच टिकून राहतो. पाण्याचा दाब फार घटून पात्यावर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे होणे हा निराळा प्रकार आहे. त्याची ओळख पात्यावर पडलेल्या बारीक खड्ड्यांवरून होते आणि बहुधा पात्याच्या पुढच्या धारेला पडलेला खोक हे त्याचे कारण असते. आपल्याकडे निघताना जो त्रास होतो, त्यातला फार मोठा भाग हवेचा असतो.

पंख्याच्या नळकांड्यातून धूर बाहेर पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या नळकांड्याचा मागचा काठ किंचित बाहेर फाकलेला असतो, तो का, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. धूर पात्यांपासून दूर मागे फेकला जावा आणि पात्यांच्या कमी दाबाकडे वळू नये, एवढेच त्या काठाचे काम असते. बोट वाळूवर ओढताना इंजिन खाली राहिले किंवा काढलेला पंखा धक्क्यावर आदळला, तर हा पातळ काठ तुटतो, वाकतो. पाती तिन्ही सुंदर दिसतात, म्हणून पंखा चांगला समजला जातो आणि बोट मात्र निघताना फेस करत बसते.

त्याहून अधिक नुकसान आपण स्वतःच्या हाताने करतो, आणि ते पात्याच्या मागच्या धारेवर. वेगवान बोटीच्या बऱ्याच पंख्यांना या धारेच्या शेवटी मागच्या अंगाला वळलेली अगदी अरुंद, काही मिलिमीटरची ओठासारखी कड असते. तिला आम्ही कप म्हणतो. पात्यावरून निसटू पाहणारे पाणी ही कड शेवटच्या क्षणी धरून ठेवते, त्यामुळे थोडी हवा आली तरी पंख्याची पकड सुटत नाही आणि इंजिन अधिक उंच व अधिक बाहेर ट्रिम करून, म्हणजे बोटीपासून मागे कलवून, चालवता येते. आता हा पंखा तारकर्लीच्या वाळूत घासून झिजला की वेल्डिंगच्या दुकानात जातो, आणि तिथला कारागीर, ज्याने आयुष्यात बोट चालवलेली नसते, ती कड वाकलेली धार समजून हातोडीने सरळ करतो आणि ग्राइंडर फिरवून आरशासारखी गुळगुळीत करून देतो. देवबागच्या बाजूची एक बोट मागच्या हंगामात माझ्याकडे आली, तिचा पंखा असाच लखलखत होता. मालकाने दुरुस्तीपूर्वी आणि नंतर असा फरक सांगितला की आधी सहा प्रवासी घेऊन बोट सहज उचलत असे, आता चौघांनाही उचलत नाही. पात्याच्या मागच्या अंगावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिले, तर कप असलेल्या पात्यात धारेच्या अलीकडे उजेडाची बारीक चीर दिसायला हवी. त्या बोटीच्या तिन्ही पात्यांवर पट्टी चिकटून बसली. जाणकार माणसाकडून कप पुन्हा काढून घेतल्यावर बोट पूर्ववत झाली. फेरे पूर्वीपेक्षा थोडे कमी झाले, जे अपेक्षितच होते, कारण कप घातला की दीडशे-तीनशे फेरे उतरतात. प्रत्येक बोटमालकाला माझे सांगणे आहे की पंखा दुरुस्तीला देण्यापूर्वी पट्टी धरून त्याचा एक फोटो काढून ठेवावा आणि परत घेताना तीच पट्टी धरून पाहावी.

पंखा निर्दोष ठरला की इंजिनची उंची पाहावी. पंख्याच्या वर जी आडवी सपाट प्लेट असते, ती पृष्ठभागावरची हवा अडवण्यासाठी असते. बोट जमिनीवर असताना तळाला लागून लांब सरळ फळी मागे धरली, तर ही प्लेट त्या रेषेत किंवा तिच्या साधारण इंचभर वर असावी, हा सुरुवातीचा ठोकताळा आहे. बोटीची मागची फळी वीस इंच उंचीची आणि इंजिन पंचवीस इंचांच्या फळीसाठीचे, किंवा नेमके उलट, अशा जोड्या सेकंड हँड व्यवहारांत सर्रास जमवल्या जातात. इंजिन फार वर बसले तर पंखा हवा खातो. फार खाली बसले तर पकड चांगली राहते, पण पाण्याचा अडथळा वाढतो आणि वेग मरतो. बोल्टांची भोके साधारण पाऊण इंचाच्या अंतरावर असतात, तेव्हा एका वेळी एकच भोक बदलून दोन्ही दिशांची चाचणी पुन्हा घ्यावी. बोट सपाट धावत असताना दुसऱ्या कोणीतरी, चालकाने नव्हे, मागे पाहावे: प्लेट पाण्याच्या पातळीवर असावी, ती वीतभर बुडालेली नसावी आणि हवेत तरंगतही नसावी. उंची वाढवताना थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड पडते आहे ना, यावर डोळा ठेवावा. वेगाच्या हौसेपायी पाण्याचे शोषमार्ग पृष्ठभागाच्या वर आले, तर पुढची दुरुस्ती पंख्याची नसून सिलिंडरची असेल.

ट्रिमबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम सोपा आहे आणि तरीही तो पाळला जात नाही. निघताना इंजिन पूर्ण आत घ्यावे, बोट सपाट झाली की हळूहळू बाहेर काढावे. मागच्या फेरीत बाहेर काढलेले इंजिन तसेच ठेवून पुढची फेरी सुरू केली, तर पंख्याचा रोख वरच्या पाण्याकडे राहतो आणि तो हवा ओढतो. पुष्कळ बोटींचा ‘बिघाड’ एवढाच असतो.

भाराचेही तसेच. पर्यटकांना मागे, इंजिनजवळ, पाण्याचे तुषार पाहत बसायला आवडते आणि चालक त्यांना दुखवत नाही. दोन माणसे मधल्या बाकावर सरकली तरी बोट लवकर सपाट होते. मागच्या बाजूची पेट्रोलची टाकी, नांगर, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि पाटाखाली साचलेले पाणी यांचा विचार मालकाने करावा. जुन्या फायबरच्या बोटीत तळाखालचा फोम पाणी पिऊन बसलेला असतो आणि बोट दरवर्षी थोडी जड होत जाते, हे कोणत्याही कागदावर दिसत नाही. तळाला चिकटलेली शेवाळ आणि कवचे खरवडली नाहीत, तर अख्ख्या पंख्याच्या शास्त्राला काही अर्थ उरत नाही.

बोटीच्या तळाविषयी एक गोष्ट कारखानदारांनी ऐकावी अशी आहे. वाळूवर बोट लावताना तळ घासू नये म्हणून आपल्याकडे मध्यावर जाड पट्टी घालतात आणि ती थेट मागच्या फळीपर्यंत नेऊन बोथट तोडतात. वेगात तिच्या तुटलेल्या टोकामागे हवेने भरलेला पाण्याचा पट्टा तयार होतो आणि तो नेमका पंख्याच्या तोंडावर येतो. शेवटचा भाग निमुळता करून पट्टी अलीकडेच तळात विलीन केली, तर पंख्याला स्वच्छ पाणी मिळते. खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर पंख्याच्या अगदी समोर बसवल्यानेही हेच होते. तो थोडा बाजूला सरकवणे, एवढाच उपाय पुरतो.

एवढे सगळे पाहून झाल्यावरच पंखा बदलण्याचा विचार करावा, आणि तोही इंजिनच्या फेऱ्यांकडे पाहून. पूर्ण भार घेऊन, पूर्ण रेस देऊन फेरे इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत यायला हवेत. ११५ अश्वशक्तीच्या अनेक चार-स्ट्रोक इंजिनांसाठी ती ५००० ते ६००० असते. फेरे त्याखाली राहिले तर पिच जास्त आहे, वर गेले तर कमी. एक इंच पिच बदलली की साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. दुकानदार सहसा मोठ्या पिचचा पंखा सुचवतात, कारण रिकाम्या बोटीला त्याने वेग मिळतो आणि गिऱ्हाईक चाचणीच्या वेळी खूश होते. पण आठ प्रवासी बसल्यावर त्याच पंख्याला इंजिन उचलू शकत नाही. आपल्याकडची एक खास अडचण अशी की तीच बोट सकाळी डॉल्फिन पाहायला नेतात आणि दुपारी तिच्याकडून बनाना राइड ओढून घेतात. दोन्ही कामांना एकच पंखा योग्य असूच शकत नाही. दोन इंच कमी पिचचा, शक्य असल्यास चार पात्यांचा, दुसरा पंखा बोटीवर ठेवावा. चार पाती निघताना आणि वळणावर पाणी अधिक घट्ट धरतात, कमाल वेगात थोडे नुकसान होते, आणि ओढण्याच्या कामात कमाल वेगाला कोण विचारतो? पिन, नट आणि वॉशर काढून पंखा बदलायला फार वेळ लागत नाही, शिवाय खडकावर पहिला तुटला तर परत येण्याची सोय होते.

स्टेनलेस स्टीलचा पंखा घ्यावा का, असे मला वारंवार विचारले जाते. त्याची पाती पातळ असूनही जोराखाली वाकत नाहीत, म्हणून वेगवान बोटीला तो निश्चितच सरस आहे. पण ज्याची बोट दिवसातून अनेकदा वाळूच्या पट्ट्यावर टेकते, त्याने आधी आपल्या मार्गाचा विचार करावा, कारण न वाकणारे पाते आपटले की धक्का आत गिअरकडे जातो.

जास्त पिचच्या वेगवान पंख्यांमध्ये एक गंमत आहे. त्यांच्या नळकांड्यावर प्रत्येक पात्याच्या मुळाशी छोटे भोक असते आणि त्यातून निघताना थोडा धूर मुद्दाम पात्यांवर सोडला जातो, म्हणजे पाती काही क्षण हलकी फिरतात, इंजिन चटकन आपल्या ताकदीच्या फेऱ्यांवर पोहोचते आणि बोटीला वेग आला की भोकावरून पाणी वाहू लागून धूर आपोआप बंद होतो. म्हणजे इथे स्लिप हा इलाज आहे. पण हलक्या, लवकर फेरे घेणाऱ्या इंजिनला ही भोके मोठी पडली तर धूर गरजेपेक्षा अधिक येतो आणि पंखा उडतो, म्हणजे पाण्याची पकड सोडून मोकळा फिरतो. काही पंख्यांत या भोकांना बदलता येणारी प्लास्टिकची बुचे असतात. लहान भोकाची किंवा बंद बुचे बसवली की काम होते. पंखा परत करायला निघालेल्या मालकाला या बुचांची माहितीच नसते, हे विक्रेत्यांनी मनावर घ्यावे.

पंख्यावरच्या आडव्या प्लेटला बोल्टने जोडायचे प्लास्टिकचे पंख हल्ली फार खपतात. त्यांनी नाळ लवकर खाली येते, हे खरे आहे. मंद आणि जड बोटीला ते चालतील. खरोखर वेगाने जाणाऱ्या बोटीला मात्र ते लावू नयेत, कारण वेगात ते पाण्याला लागले तर बोटीची नाळ अनपेक्षितपणे दाबली जाते, आणि शिवाय मूळ दोष झाकला जातो.

चालकांनी हाताला एक सवय लावून घ्यावी. पंखा उडाला, फेरे चढले, की लिव्हर पुढे ढकलण्याची ऊर्मी होते. त्याच क्षणी तो मागे घ्यावा, पंख्याने पाणी धरल्याचा हिसका जाणवू द्यावा आणि मग सलग, घाई न करता पुढे न्यावा. वळणावर हेच आधी ट्रिम आत घेऊन करावे.

आता प्रशासनाकडे दोन मागण्या. जलक्रीडेच्या बोटींना परवाना देताना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तपासणीत जीवरक्षक जॅकेटे मोजली जातात, ते योग्यच आहे. त्या कागदावर पंख्याचा व्यास व पिच, गिअरचे प्रमाण, पूर्ण भारासह पूर्ण रेसचे फेरे आणि थांबलेल्या अवस्थेतून बोट सपाट होईपर्यंत लागणारा वेळ, या नोंदी सक्तीच्या कराव्यात. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. ज्या बोटीला परवान्याइतके प्रवासी घेऊन सपाट होता येत नाही, तिला एक तर पंखा बदलायला किंवा प्रवासी कमी करायला सांगावे.

दुसरी मागणी चाचणीच्या जागेची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या अपघाताचा पंख्याशी संबंध होता, असे मी मुळीच सुचवत नाही. पण मी वर सांगितलेली प्रत्येक तपासणी पूर्ण रेस दिल्याशिवाय होत नाही, आणि आज ती आम्ही सारे मेकॅनिक प्रवासी होड्यांच्या वाटेतच करतो, कारण दुसरी जागा नाही. मालवण आणि देवबागच्या पाण्यात, होड्यांच्या मार्गापासून बाजूला, दोन्ही टोकांना बोये टाकून एक मोजलेला पट्टा आखून द्यावा आणि ठरावीक वेळी तो केवळ चाचण्यांसाठी मोकळा ठेवावा. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात आणि बोटी किनाऱ्यावर असतात, तेवढ्या अवधीत बुशिंग, कप, उंची आणि तळ यांची कामे उरकता येतील. पट्टा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार असला, तर हंगामाचे पहिले प्रवासी बसण्याआधी प्रत्येक बोट त्यावरून दोन्ही दिशांनी पळवून पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक आउटबोर्ड मेकॅनिक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग